चकतीवरचा दिवस

टॅकोग्राफची चकती म्हणजे मेणासारखा पातळ थर दिलेला गोल कागद. ट्रकच्या यंत्रात ती 24 तासांत एक फेरा पुरा करते आणि तीन सुया तिच्यावरचा थर खरवडत जातात. बाहेरच्या कडेला वेग उमटतो, मधल्या पट्ट्यात चालकाचे काम आणि विश्रांती, तर आत अंतर. अंतराची रेघ करवतीच्या दात्यांसारखी असते: 5 किलोमीटर वर, 5 किलोमीटर खाली.

चकती निवडताना सर्वांत आधी वेगाची मर्यादा पाहावी लागते. यंत्र ताशी 125 किलोमीटरचे असेल तर चकतीही 125 चीच हवी. अशा यंत्रात 140 ची चकती घातली की 80 चा वेग 90 च्या आसपास वाचला जातो. 180 च्या यंत्रात 125 ची घातली तर तोच वेग 55 च्या जवळ दिसतो. पहिल्या चुकीत निर्दोष चालक दोषी ठरतो, दुसरीत दोषी सुटतो. त्यामुळे स्वस्त मिळाला म्हणून गठ्ठा उचलू नये. चकतीच्या पाठीवर ती कोणकोणत्या यंत्रांना चालते ते छापलेले असते. ते यंत्रावरच्या मान्यता क्रमांकाशी ताडून घ्यावे.

युरोपीय संघात 1 मे 2006 पासून नव्या मोठ्या गाड्यांत चकतीच्या यंत्राऐवजी डिजिटल यंत्र आले. भारतात मालट्रकला टॅकोग्राफची सरसकट सक्ती नाही. ऑक्टोबर 2015 पासून बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना 80 वर, तर डंपर आणि टँकरला 60 वर रोखणारा वेगनियंत्रक मात्र लागतो. स्वेच्छेने यंत्र बसवणाऱ्या गाडीमालकाला त्यामुळे 180 च्या यंत्राची गरज नाही. मर्यादा जितकी कमी, तितकी वेगाची रेघ मोकळी उलगडते.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर मात्र अंतराची रेघही पाहावी लागते. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात भरलेला ट्रक ताशी 20 ने सरकतो, तेव्हा अंतराचा एक चढ उमटायला पाव तास लागतो. कापूरहोळ किंवा चेलाडी फाट्याला महामार्गावर आल्यावर 60 च्या वेगाने तोच चढ पाच मिनिटांत उमटतो. घाटात दाते पसरट, महामार्गावर उभे. किलोमीटर मोजून चालकाची मेहनत ठरवणाऱ्याने हे दाते जरूर पाहावेत. 2025 पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 हा दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत असे. मेहनतीचा हिशेब तासांचा, किलोमीटरचा नव्हे; म्हणून या भागात मधला पट्टा वेगाच्या रेघेपेक्षा मोलाचा.

पुण्याकडे जाताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे जिवावर बेतते. नुसती वेगाची रेघ हे सांगत नाही. इंजिनाचे फेरे चकतीच्या पाठीवर नोंदवणारी यंत्रेही आहेत. त्यांना दोन्ही बाजूंनी लेप असलेली चकती लागते. वेग चढता आणि फेरे तळाशी, असे दिसले की गिअर सुटलेला होता हे उघड होते.

चकती घालण्यापूर्वी मधल्या कोऱ्या जागेत चालकाचे नाव, तारीख, निघण्याचे ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. कोऱ्या चकत्या उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत. वेल्ह्याच्या पावसात त्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहाव्यात. शेवटी घड्याळ. तबकडी बारा तासांची, चकती चोवीसची; बारा तासांची चूक झाली तर रात्री दोनची फेरी दुपारी दोनची होऊन बसते.