पाचशे रुपयांची दाद

पाचशे रुपयांसाठी कोणी भांडत बसत नाही, या एका गृहीतकावर नो पार्किंगच्या दंडाचा बराचसा व्यवहार उभा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. तेव्हापासून पहिल्यांदा सापडलात तर पाचशे, पुन्हा सापडलात तर पंधराशे. रक्कम खिशाला जाणवते, पण रजा टाकून कोर्टाची पायरी चढावी इतकीही ती जाणवत नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला एक खाडा त्याहून महाग पडतो. तो लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवरून पैसे भरतो आणि मुलुंड येईपर्यंत विषय डोक्यातून काढून टाकतो. चूक केली असेल तर हे ठीकच आहे. चूक नसताना भरलेले पाचशे रुपये मात्र मला सलतात, मग ते कुणाचेही असोत.

आमच्या इमारतीतल्या काकांना नो पार्किंगच्या दंडाचा मेसेज आला. निवृत्त शिक्षक, सगळं आयुष्य ठाणे ते कल्याण या पट्ट्यात गेलेलं. स्कूटर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इतर गाड्यांच्या रांगेत लावलेली होती. चलानासोबतच्या फोटोत नंबर प्लेट स्वच्छ दिसत होती, मागे रसवंतीगृहाचं दार दिसत होतं. नो पार्किंगची पाटी काही कुठे दिसत नव्हती. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. पाटी होती. विजेच्या खांबावर होती, आणि तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. शुभेच्छुकांच्या फोटोंच्या कडेखालून शेवटचा ‘ग’ तेवढा बाहेर आला होता.

घरचे म्हणाले, भरून मोकळे व्हा. काका मला म्हणाले, “अगं, न शिकवलेल्या धड्यावर मी परीक्षेत प्रश्न घातला असता, तर पालकांनी मला सोडलं असतं का?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

आपण बोलताना ‘महापालिकेने दंड लावला’ असं सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, हा दंड वाहतूक पोलिसांचा असतो. दोन्ही शहरांच्या महापालिका वेगळ्या, पोलिस आयुक्तालय एकच. गाड्या कुठे उभ्या करायच्या नाहीत हे ठरवणारी अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली निघते. ती ठाण्याच्या तीन हात नाक्यावरच्या वाहतूक उपायुक्तांच्या कार्यालयातून निघते आणि त्यावर लेखी हरकतीही मागवल्या जातात. रस्ता, खांब आणि फूटपाथ महापालिकेचे. टोइंगची गाडी बहुतेक वेळा ठेकेदाराची. फ्लेक्स आणखी तिसऱ्याच कुणाचा. सामान्य माणूस दाद मागायला निघतो तेव्हा त्याची पहिली शक्ती आपला प्रश्न नेमका कुणाचा आहे हे शोधण्यातच खर्ची पडते. माझ्या मते पाचशे रुपयांपेक्षा मोठा दंड हाच आहे.

फ्लेक्सचं तर न्यायालयाने केव्हाच सांगून ठेवलं आहे. बेकायदा फलक काढणं ही महापालिकांची जबाबदारी आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. ओकांच्या वकिलीची सुरुवात ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात झाली होती. ज्या शहरात त्यांनी वकिली सुरू केली, तिथले खांब या निकालानंतरही मोकळे झाले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काकांनी आधी ऑनलाइन तक्रार नोंदवली, मग माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच असावा लागतो. आयुष्यभर मुलांना निबंध आवरायला शिकवलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, पण अन्याय झाला की वाक्यं लांबतात. आम्ही खोडत गेलो. विनंती, खेद, ज्येष्ठ नागरिक असल्याचा उल्लेख, सगळं काढलं. शेवटी तीनच मागण्या उरल्या: या रस्त्याच्या अधिसूचनेची प्रत, फलक लावल्याची तारीख, आणि ज्यात फलक दिसतो असा फोटो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तिन्ही मागण्यांचा अर्थ एवढाच होता, की जे आहे ते दाखवा. नागरिकाने सरकारला उद्देशून म्हणावं असं याहून सभ्य आणि याहून बळकट वाक्य मला तरी माहीत नाही.

कायदा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. पाटी नसली म्हणजे गाडी कुठेही लावायला मोकळीक मिळते, असं नाही. दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशी गाडी उभी करणं कलम १२२ खाली गुन्हाच आहे, पाटी असो वा नसो. नौपाड्यातल्या किंवा राम मारुती रोडवरच्या कोपऱ्यावर तिरकी मोटार सोडून खरेदीला गेलेल्या माणसाची गाडी उचलली तर मला आनंदच होतो, कारण त्याच कोपऱ्यावर रुग्णवाहिका अडते. पण गाडी उचलण्यालाही रीत आहे. कलम १२७ प्रमाणे ती उचलायला गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याची परवानगी लागते. ठेकेदाराच्या मुलांनी मनाने हुक लावायचा नसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एक आई तान्ह्या बाळासह मोटारीत बसलेली असताना तिची मोटार ओढून नेली गेली. तो व्हिडिओ राज्यभर पाहिला गेला आणि संबंधित पोलिसाला निलंबित केलं गेलं. कुणीतरी व्हिडिओ काढला म्हणून ते कळलं.

फोटोचंही तसंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक उपकरणाने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत जावी, आणि फोटोत नंबर प्लेटबरोबर गुन्हाही स्पष्ट दिसावा, असं तो सांगतो. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप केला. त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चलान टाकू नये, असा आदेश वरिष्ठांना काढावा लागला. म्हणजे काकांची तक्रार एकट्याची नव्हती.

या शहरांत गाडी लावायची तरी कुठे, हा प्रश्न मी टाळणार नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. डोंबिवली पूर्वेच्या जुन्या तीन मजली इमारती बांधल्या गेल्या तेव्हा घरटी एक सायकल असायची. त्यांच्याखाली वाहनतळ कुठून येणार? ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ झाला, कल्याण स्टेशनजवळ दिलीप कपोते वाहनतळ आहे, पण स्टेशनवर रोज उतरणाऱ्या माणसांपुढे ते पुरत नाहीत. मग पी-१, पी-२ येतं: विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी. सहा तारखेला रात्री आठला लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर झोपेत गुन्हेगार होते, आणि एकतीस तारखेनंतर पुन्हा एक तारीख आली की दोन्ही दिवस विषम. हे नियम पाळणं शक्य आहे, पण त्यासाठी पाटी वाचता आली पाहिजे. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या केलेल्या गाड्यांवर पाच हजारांपासून दंड लावायला सुरुवात केली. तिथे निदान शेजारी पर्याय होता. पर्याय देऊन घेतलेला दंड मला पटतो. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, जे ठाण्याचेच आमदार आहेत, जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू नये अशी भूमिका मांडली. कल्पना कठोर आहे, तरी चर्चेला योग्य आहे. फक्त गाडीमालकाकडून जागेचा पुरावा मागणाऱ्या शासनाने आपल्या पाटीचाही पुरावा हाताशी ठेवावा.

दरम्यान काकांच्या मोबाइलवर लोकअदालतीचा मेसेज आला. प्रलंबित चलान तिथे मिटवता येईल म्हणून. पुष्कळांना वाटतं, तिथे आपलं ऐकलं जाईल. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, पण ती तडजोडीची जागा आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ‘मी चूक केलीच नाही’ हे ठरवून घ्यायचं तर तडजोडीला नकार देऊन दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागतं आणि गुन्हा झाला हे सिद्ध करायची जबाबदारी मग समोरच्यावर येते. हा हक्क प्रत्येकाला आहे, हे त्या मेसेजमध्ये एका ओळीने लिहिलं तर काय बिघडेल? लोक उगाच कोर्टं भरतील, ही भीती मला खोटी वाटते. लोकांना वेळ नसतो. ज्याला फारच लागलं असेल तोच जाईल.

काका लोकअदालतीला गेले नाहीत. माहिती अधिकाराचं उत्तर आलं. अधिसूचना खरी होती, रस्ता नो पार्किंगच होता. फलकाची तारीख ‘अभिलेखात उपलब्ध नाही’. तक्रारीच्या चौकशीला बोलावलं तेव्हा मी सोबत गेले. समोरचे अधिकारी थकलेले होते, पण त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, फ्लेक्सखालच्या पाटीचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला आणि म्हणाले, “सर, आदेश बरोबर आहे. पण पाटी दिसत नव्हती, हेही बरोबर आहे.” चलान रद्द झालं. बाहेर बंदोबस्ताला निघालेल्या एका तरुण शिपायाने काकांना वाकून नमस्कार केला. त्यांचा विद्यार्थी निघाला.

मला वाटलं, प्रकरण संपलं. काकांच्या लेखी ते अर्धंच झालं होतं. रस्ता नो पार्किंगचा आहे हे आता त्यांना कागदावर कळलं होतं, आणि रोज तिथे गाडी लावणाऱ्या बाकीच्यांना ते कळलेलं नव्हतं. त्यांनी महापालिकेला अर्ज केला: फ्लेक्स काढावा, पाटी वाचता येईल अशा जागी लावावी, सोबत अधिसूचनेची प्रत जोडली आहे. अर्जाची पोच त्यांच्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणून महापालिकेच्या सोमवारच्या लोकशाही दिनासाठी नाव नोंदवलं आहे. त्या सोमवारी मी रजा घेतली आहे. त्यांची स्कूटर आता पे अँड पार्कमध्ये असते.