दोन हजार विड्यांचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. यंत्रमागाची हजेरी, उचल, बोनस. आकड्याची चूक माझ्या हातून सहसा होत नाही. घरी झाली.

पोराला दीड महिन्याची लस टोचली त्या रात्री तो फणफणला. दोन दिवस मांडीवरून उतरेना. बायको घरी विड्या वळते; तिचं सूप कोपऱ्यात पडून. दोन हजार विड्या बुडाल्या. तो आकडा माझ्या डोक्यात बसला. पुढच्या दोन सुया कशाबशा झाल्या. नऊ महिने भरले, गोवर-रुबेलाची पाळी आली, तेव्हा जानेवारी २०२३ उजाडला होता आणि गड्ड्याची जत्रा तोंडावर. आशाताई दारात आल्या. "मूल आजोळी गेलंय, अक्कलकोटला," मी ठोकून दिलं. मूल आत झोपलं होतं. "अहो, लस फुकट आहे, द्या की," बायको म्हणाली. दोनच महिन्यांपूर्वी गोवंडीत गोवरानं मुलं गेल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. मुंबईचं आहे म्हणून पान उलटलं होतं.

मे महिन्यात ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून पुरळ. माझ्या आईनं उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली. शिकलेला मी, तेच धरून बसलो. छाती भरभर उडायला लागली तेव्हा रिक्षा केली. न्यूमोनिया. आठ दिवस दवाखाना, बिनपगारी रजा, पतपेढीचं कर्ज. विड्यांचं तर विचारूच नका.

पुढे वाचनात आलं: अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली ९४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा जमाखर्च मांडला; लसीवरच्या एका रुपयामागे आजारपणाचे सोळा वाचतात. मी खर्चाचीच बाजू पाहिली, कारण ती रात्री कण्हत होती. जमेची बाजू दिसणार कशी? न झालेल्या आजाराची पावती कोण फाडतं?

पोरगा वाचला. पण पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच गोवर पसरत असतो, आणि त्या दिवसांत तो शेजारच्या ओट्यावर लोळत होता. तिथली तान्ही सात महिन्यांची. तिचं लसीचं वयच झालेलं नव्हतं. बारा दिवसांनी तीही तापली. ती बरी होऊन आली तेव्हा भेटायला गेलो, बिस्किटाचा पुडा घेऊन. दवाखान्याला किती लागले, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर द्यावे लागले असते.