आडनाव : पेंटर

बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे, मिर्झा राजे जयसिंगांची छत्री आहे आणि आमच्या बँकेची शाखा आहे. पहिल्या दोन गोष्टी पाहायला लोक हौसेने येतात. तिसरीकडे कोणी हौसेने आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक गृहस्थ खाते उघडायला आले आणि अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात त्यांनी ऐटीत लिहिले, ‘पेंटर’.

‘‘अहो भाऊ, हा धंदा झाला. आडनाव लिहा.’’

‘‘मंग काय झालं सायेब? माह्या आडनावानं इचारून पाहा गावात, घर सापडते काय!’’

आधार कार्डाने त्यांचे काही चालू दिले नाही. पण माणूस बिनतोड बोलला होता. एवढेच की, आपल्या पाठीशी केवढा मोठा दाखला आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो दाखला कोल्हापूरचा. नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेचा कागद जवळ नाही. वडील कसबी कारागीर, त्यामुळे हत्यारे घरातच. बाकीचे शिक्षण नजरेने. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि बाबूराव ‘पेंटर’ झाले, ते कायमचे. त्यांना कोणी रकाना दाखवला नाही.

भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. आता पडदा रंगवणे म्हणजे काय, तर सपाट कापडावर असा महाल उभा करायचा की शेवटच्या बाकावरच्या माणसाला वाटावे, उठावे आणि त्या खांबाला टेकून बसावे. या कामात दोघांनी नाव काढले. तेवढ्यात १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांनी ठरवले की आपणही सिनेमा काढायचा. कॅमेरा? तो घरी करू! माझ्या घरी बंद पडलेले मिक्सर मी दुकानात नेऊन देतो. हे लोक कॅमेरा करायला बसले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला आणि चालवलाही. भांडवलाला हात दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. आमच्या पद्धतीने दोन जामीनदार आणि अनुभवाचा दाखला मागितला असता तर महाराष्ट्र फिल्म कंपनी अजून ‘कागदपत्रे अपूर्ण’ या फायलीत पडून असती. १९२० साली त्यांची ‘सैरंध्री’ झळकली आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटले.

मला विशेष वाटते ते पुढचेच. ज्या रंगवलेल्या पडद्यांवर नाव मिळाले, ते पडदेच या माणसाने सिनेमातून काढून टाकले. शेवटच्या बाकावरचा माणूस फसतो, कॅमेरा फसत नाही. मग लाकूड, माती, प्लास्टर लावून खरे खांब आणि खऱ्या भिंती उभ्या केल्या. पात्रांचे पोशाख आधी स्वतः कागदावर काढायचे, जाहिरातीची पोस्टरेही स्वतःच रंगवायची. शिकून आलेला माणूस शिकलेले सहसा सोडत नाही, कारण त्याने फी भरलेली असते. बाबूरावांनी फी भरलेली नव्हती. आणि त्यांच्या हाताखाली जे तयार झाले, ते दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, त्यांनी १९२९ साली बाहेर पडून ‘प्रभात’ काढली. ते खुद्द बाबूरावांना कसे वाटले असेल, हा विषय वेगळा.

देव आणि राजे यांची चित्रे रंगवणाऱ्या या हाताने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांची कथा. शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. तो शेतकरी शांतारामांनी केला होता. त्यात ना महाल, ना मुकुट. झोपडी आणि कर्ज. वऱ्हाडच्या माणसाला याची गोष्ट सांगावी लागत नाही. पेरणीच्या तोंडावर आमच्या काउंटरसमोर सातबारा हातात धरून जी रांग लागते, तिच्यात मला तोच शेतकरी दिसतो. फक्त खुर्चीवर पगडीवाला सावकार नसून बी.कॉम. झालेला मी असतो, आणि ‘‘काका, इथं सही करा, इथं, आणि इथं’’ म्हणत असतो. काका काय वाचतात ते काका जाणोत.

लोकांना मूकपटात नीट ऐकू आले नाही असे वाटले की काय कोण जाणे, १९३६ साली बाबूरावांनी हाच ‘सावकारी पाश’ बोलका करून पुन्हा काढला.