आक्काचे डोके दुखले तेव्हा

आमच्यासारख्या कुटुंबांचा प्रवास ठरलेला असतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, दसऱ्याला नागपूर, कुणाच्या लग्नाला गाव, आणि फार झाले तर जन्मात एकदा बुद्धगया-सारनाथ. नुसते डोंगर पाहायला पैसे खर्च करायचे, हे आमच्या वडिलांच्या पिढीला पटले नसते. आम्हालाही पटायला वेळ लागला. पण आमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, घरातल्या घरात भिशी सुरू केली आणि तीन वर्षे एकाचाही हप्ता चुकू दिला नाही. तिने एका दिवाळी अंकात लडाखच्या रंगीत डोंगरांचे फोटो पाहिले होते. ते तिच्या मनात बसले होते.

आक्काने तीस वर्षे इस्पितळात आयाचे काम केले. नवरा लवकर गेला. तिने पोरे वाढवली, आमचीही शिक्षणे काही अंशी तिच्याच पगारावर झाली. त्यामुळे तिने तोंड उघडून काही मागितले, तर नाही म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

2024 च्या ऑगस्टअखेरीस आम्ही सात जण निघालो. आम्ही दोघे, आमची मुलगी, धाकटे भाऊ, भावजय, त्यांचा मुलगा आणि आक्का. निघण्यापूर्वी दवाखान्यात सगळ्यांचे रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. विमानाने मुंबईहून थेट लेहला उतरले तर शरीराला उंचीची सवय होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शिवाय विमान आम्हाला परवडणारेही नव्हते. म्हणून रेल्वेने जम्मू, तिथून श्रीनगर, मग कारगिलला मुक्काम आणि पुढे लेह, असा पायरीपायरीने गेलो. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर उंचीवर, कारगिल 2,700 च्या आसपास आणि लेह 3,500. वाटेत फोतू ला ही 4,108 मीटरची खिंड लागली. रस्त्यावर तोंडाला फडके बांधून डांबर टाकणारे मजूर दिसले. धाकट्या भावाने गाडी थांबली तेव्हा चौकशी केली. झारखंडमधल्या दुमक्याकडचे होते. ज्या उंचीवर आम्हाला नुसते उभे राहून धाप लागत होती, तिथे ती माणसे फावडे चालवत होती.

लेहला पोहोचल्यावर दोन दिवस काहीच करायचे नाही, नुसते पडून राहायचे आणि पाणी प्यायचे, अशी ताकीद होती. पैसे भरून झोपायला आलो का, असे पुतण्या म्हणत होता. तिसऱ्या दिवशी मात्र पहाटेच निघायचे ठरले. जिंगचेनपासून दरीतून रुंबक गावापर्यंत चालत जायचे, तिथून पुढे युरुत्से या एका घराच्या वस्तीपर्यंत, आणि संध्याकाळी परत. युरुत्सेकडून रंगीत डोंगर सर्वांत चांगले दिसतात, असे आम्ही ऐकले होते.

वाट दाखवायला एक तिशीतली लडाखी बाई आली. डोंगरात पाहुण्यांना नेण्याचे काम तिकडे पूर्वी पुरुषांचेच समजले जाई. 2009 साली थिनलास चोरोल या बाईंनी फक्त स्त्रियांनी चालवलेली प्रवासी संस्था काढली, आणि तेव्हापासून हे चित्र बदलू लागले. आमची वाटाडी दुसरीकडून आलेली होती, पण त्या बाईंचे नाव आदराने घेत होती. आम्ही तिला ताई म्हणू लागलो. तिने 'जुले' म्हणून नमस्कार केला, आम्ही 'जयभीम' म्हटले. तिने तो शब्द लगेच उचलला आणि दिवसभर आक्काशी बोलताना आधी 'जयभीम आंटी' म्हणायची.

गाडीत बसण्यापूर्वी ताईने हिंदीतून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, इतके सावकाश चालायचे की चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. दुसरी, पाणी घोट घोट पीत राहायचे. तिसरी, डोके दुखले, मळमळले, चक्कर आली, तर त्याच मिनिटाला सांगायचे. हे सांगताना ती हसत नव्हती. 3,900 मीटरवर हवेत प्राणवायूचा वाटा आपल्याकडे असतो तेवढाच असतो, पण हवाच विरळ असते. त्यामुळे एका श्वासात मुंबईच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेते, पण प्रत्येकाचे सारख्या वेगाने नाही. तरणाबांड गडी आडवा होतो आणि म्हातारी चालत राहते, असेही घडते, असे ती म्हणाली.

स्पितुकच्या टेकडीवरचा गोम्पा मागे टाकून आम्ही सिंधू ओलांडली. जिंगचेन लेहपेक्षा थोडे खालीच, सुमारे 3,400 मीटरवर आहे. गाडीचा रस्ता संपला आणि दरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून ओढा, काठाला विलोची झाडे. हा सारा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. हिमबिबट्याचा मुलूख आहे. बिबट्या काही दिसला नाही, पण कड्यावर मेंढ्यासारखे जंगली भरल चरताना दिसले. त्यांचा रंग दगडाशी इतका मिळता की ते हलेपर्यंत कळत नव्हते.

आणि मग ते रंग. एक डोंगर कोकमाच्या सालीसारखा जांभळा-लाल, त्याला चिकटून दुसरा शेवाळी, मध्येच पिवळसर पट्टा, वर राखाडी. थर आडवे नव्हते, उभे होते. जणू कुणी गोधड्यांची चळत भिंतीला टेकवून उभी केली आहे. भावजय म्हणाली, "आमच्या आईच्या वाकळेत पण एवढे रंग नव्हते."

ताईने त्याचे कारण सांगितले. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. भारताची जमीन उत्तरेकडच्या जमिनीला सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भिडली. समुद्र मिटला. समुद्राने आणि नंतरच्या नद्यांनी साठवलेला गाळ दगड होऊन दाबला गेला, उचलला गेला, मुडपला गेला. त्या गाळात लोखंडाचा अंश होता. जिथे त्याला हवा लागली तिथे तो तांबडा-जांभळा झाला, जिथे लागली नाही तिथे हिरवट राहिला. धाकटे भाऊ कारखान्यात लेथवर काम करतात. ते एकदम म्हणाले, "म्हणजे हा गंजच की!" ताई हसून म्हणाली, हो, फार जुना गंज.

ओढा दगडांवरून चार-पाच वेळा ओलांडावा लागला. सकाळी पाणी घोट्याएवढे होते. दुपारी उन्हाने वरचे बर्फ वितळते आणि पाणी वाढते, म्हणून पहाटे निघायचे, हेही तेव्हा कळले. प्रत्येक थांब्यावर ताई एकेकाला विचारत होती. प्रत्येक वेळी आक्का म्हणायची, "ठीक आहे बेटा, एकदम ठीक."

तीन तासांनी रुंबकला पोहोचलो. आठ-दहा घरांचे गाव, पिकत आलेले जवाचे शेत, आणि समोर रंगांचा तो सगळा पसारा. गावाच्या तोंडाशी छोर्तेन होता. तो उजव्या हाताला ठेवून पुढे गेलो. एका घरात आम्हाला लोणी आणि मीठ घातलेला चहा मिळाला, सोबत जाड भाकरी. त्या भाकरीला तिकडे खंबीर म्हणतात. आम्ही सगळे हसलो. फक्त आक्का हसली नाही. तिच्या हातातली भाकरी मोडलेली नव्हती. चहा जवळ आला तसे तिने तोंड फिरवले.

ताई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. दुखते का, असे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, "आंटी, कधीपासून?"

आक्का गप्प राहिली. मग म्हणाली, "सकाळी गाडीत बसल्यापासून."

चार तास ती डोके धरून चालत होती आणि आम्हा सहा जणांना पत्ता नव्हता. ताईने तिला अंगणात नेले, जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि टाचेला बोटे लावत रेघेवरून चालून दाखवायला सांगितले. आक्का न डगमगता चालली. ताईने मोठा श्वास सोडला. तोल जात असता तर मेंदूला सूज आल्याची खूण असती, मग तिला उचलूनच न्यावे लागले असते. आता ती स्वतःच्या पायांनी उतरू शकेल. पण उतरायचे, आणि आत्ताच.

युरुत्से तास-दीड तासावर होते. पुतण्या म्हणाला, "आत्याला इथे झोपू दे, आपण पटकन जाऊन येऊ." आक्कापण तेच म्हणू लागली, "तुम्ही जा. मी पडते इथेच. माझ्यामुळे सगळ्यांचे पैसे कशाला वाया?" खोटे कशाला सांगायचे, एक क्षण आमच्याही मनात तेच आले होते. तीन वर्षांची भिशी, चार दिवसांचा प्रवास, आणि समोर फक्त दीड तास.

ताईने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, उंचीच्या दुखण्याला पहिले औषध खाली उतरणे. गोळीने बरे वाटेल, पण ती घेऊन वर जायचे नाही. आणि ज्याला हे दुखणे लागले त्याला एकटे सोडायचे नाही, कारण तासाभरात ते कुठे जाईल ते सांगता येत नाही. डोंगर पुढच्या वर्षीही इथेच असेल.

आम्ही परत फिरलो. ओढ्याचे पाणी आता गुडघ्याला लागत होते. पुतण्या सगळ्यात जास्त नाराज होता, पण आक्काची पिशवी त्यानेच घेतली, आणि प्रत्येक ओढ्यात तिचा हात त्यानेच धरला. निम्म्या वाटेवर आक्काने पाणी मागितले. जिंगचेनला पोहोचेपर्यंत तिचे डोके बरेच उतरले होते. सुमारे 500 मीटर खाली आल्याने एवढा फरक पडतो, हे डोळ्यांनी पाहिले. बरे वाटले नसते तर ताई आम्हाला थेट लेहच्या इस्पितळात नेणार होती.

रात्री आमच्या मुलीने विचारले, "आत्या, तू सांगितलं का नाहीस?"

आक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, सवयच नाही. नोकरीत डोकं दुखतं म्हटलं तर खाडा लागायचा. घरात म्हटलं तर तुम्ही सगळे लहान, घाबरायचा. मग सांगायचंच सोडून दिलं. पेशंटला मात्र मी रोज विचारायचे, कधीपासून दुखतंय बाई? त्या पोरीनं मला माझंच वाक्य ऐकवलं."

आम्ही काय बोलणार? तिचे दुखणे आम्हाला कधी दिसले नाही, कारण आम्ही कधी पाहिलेच नाही. ती म्हणायची ठीक आहे, आणि ते आम्हाला सोयीचे होते.

घरी परतल्यावर चार दिवसांनी आक्का स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, "एक सांगायचंय. डाव्या कानानं मला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही." तेव्हा आमच्या लक्षात आले की गाडीत ती नेहमी डाव्या खिडकीशी का बसायची. आता तपासणी झाली आहे, कानाला यंत्र बसवले आहे. टीव्हीचा आवाज कमी झाला आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कुणी लडाखला जाणार असेल, तर अवश्य जा. चार पैसे साठवून नुसता डोंगर पाहायला जाण्यात काही गैर नाही. जाण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, वर पोहोचल्यावर विश्रांती घ्या, वाट ओळखणारे माणूस सोबत घ्या आणि त्याचे ऐका. पण त्याआधी घरातल्या त्या एका माणसाकडे पाहा, जे विचारले की 'ठीक आहे' म्हणते. प्रत्येक घरात असे एक माणूस असते, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. तिला दुखते का असे विचारू नका. कधीपासून, असे विचारा.

रुंबकला चहाआधी काढलेला फोटो आम्ही भिंतीवर लावला आहे. मागे जांभळे-हिरवे डोंगर, पुढे आम्ही सात जण. घरी आलेले पाहुणे विचारतात, शेवटपर्यंत गेला होतात का? आम्ही काही बोलायच्या आत आक्काच खणखणीत आवाजात सांगते, "नाही. माझं डोकं दुखायला लागलं, म्हणून सगळे परत फिरलो."