माने मोठे की आंदळकर?

आमच्या नगर जिल्ह्यात कुस्त्यांच्या फडाला हगामा म्हणतात. जत्रा कोणत्याही देवाची असो, रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा, हे ठरलेलं. तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातलं, नगर-पाथर्डी रस्त्यावरचं बाजाराचं गाव. जवळच मढी. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या यात्रेला सारा मुलूख तिकडं लोटतो. पलीकडं मोहटादेवी. त्यामुळं आमच्या भागातल्या पोराला बाराखडीच्या आधी हलगी कळायची. रेवडी-नारळावरच्या कुस्त्यांनी फड सुरू व्हायचा, दिवस कलला की मोठ्या जोडी लागायच्या. शेवटच्या कुस्तीला तर झाडावरसुद्धा जागा मिळायची नाही.

पण गावात ज्या दोन पैलवानांवरून सगळ्यात जास्त भांडणं झाली, त्यांची कुस्ती आम्हा पोरांनी कधी पाहिलेली नव्हती. एक मारुती माने, दुसरे गणपतराव आंदळकर. दोघंही सांगली जिल्ह्यातले. माने कवठेपिरानचे, आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. तिसगावपासून ती गावं कुठं आणि आमचं माळरान कुठं! तरी ही नावं आमच्याकडं आली, ती उसामुळं. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातल्या टोळ्या मुकादमाची उचल फेडायला सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जायच्या. उन्हाळ्यात परत यायच्या तेव्हा गाडीत कोयते, भांडी, पोरं आणि तिकडच्या कुस्त्यांच्या गोष्टी असायच्या.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, दरसाल कोयत्यावर जात. त्यांनी तिकडच्या एका मैदानात मारुती मान्यांना दुरून पाहिलं होतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर मान्यांची वकिली केली. त्यांच्या उलट पक्षाला होते आमचे शाळेतले मास्तर. ते आंदळकरांचे. मास्तर वर्तमानपत्र वाचायचे, कात्रणं ठेवायचे, त्यामुळं तारखा आणि आकडे त्यांच्याकडं. तात्यांकडं आवाज.

भांडण तसं तोडीस तोड होतं, कारण दोघांचा हिशेबच असा विचित्र जुळलेला. आंदळकरांचा जन्म १९३५ चा, मान्यांचा १९३७ चा. आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, माने १९६४ मध्ये. आणि मधे १९६२ सालचं जकार्ता. तिथल्या आशियाई स्पर्धेत दोघं एकाच पथकातून गेले. मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सोनं घेतलं आणि ग्रीको-रोमनमध्ये चांदी. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सोनं घेतलं आणि फ्रीस्टाइलमध्ये चांदी. म्हणजे एकाचं जिथं सोनं, तिथं दुसऱ्याची चांदी. बरं, दोघं समोरासमोर यावेत तर तेही नाही. माने सत्त्याण्णव किलोच्या गटात, आंदळकर त्याच्या वरच्या गटात. जकार्त्यात जी जोड लागली नाही, ती मग तिसगावात पारावर लागायची.

मला दोन्ही प्रकारांतला फरक मास्तरांनीच समजावून सांगितला होता. फ्रीस्टाइलमध्ये सगळं अंग खुलं. समोरच्याच्या पायात शिरून पट काढता येतो, टांग मारता येते. ही आपल्या मातीच्या जवळची कुस्ती. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायानं अडवायचंही नाही. म्हणजे आपल्याकडचा पोरगा जे डाव पहिल्या वर्षी शिकतो, नेमके तेच बंद. उरतं काय? मान, दंड, छाती आणि कंबर. काखेतून कव घालायची, उचलायचं आणि फेकायचं. समोरचा शंभर किलोच्या आसपासचा.

मास्तर म्हणायचे, "तात्या, मातीत वाढलेल्या माणसाचा पट काढून घेतला, टांग काढून घेतली, तरी त्यानं सोनं आणलं. याला म्हणायची अक्कल."

तात्या म्हणायचे, "आन् मान्यांनी काय तिथं भजी तळली का? चांदी हाये ना तिथं बी! मंग?"

"चांदी आहे, सोनं नाही."

"तुमच्या गड्याची बी फिरीस्टाइलात चांदीच हाये की वो."

इथं पहिली फेरी बरोबरीत सुटायची. मास्तर मग १९६४ काढायचे. त्या वर्षी आंदळकर टोकियोच्या ऑलिम्पिकला गेले. पदक नाही मिळालं, पण त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. तात्यांच्या बाजूनं त्याच वर्षीची मान्यांची हिंदकेसरीची गदा. पुन्हा बरोबरी.

जुलै १९७० मध्ये मात्र तात्यांचं पारडं जड झालं. पावसाळ्याचे दिवस, टोळ्या घरी, पेरण्या उरकलेल्या. एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मान्यांना रौप्यपदक मिळाल्याची बातमी मास्तरांनीच वाचून दाखवली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जकार्त्याला आठ वर्षं झाली होती. मान्यांना तेहतिसावं लागलेलं. त्या वयात आमच्याकडचा पैलवान लंगोट खुंटीला टांगून पोट वाढवून बसतो. तात्या त्या दिवशी काही ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, डाव पुस्तकात असतो. दम पुस्तकात नसतो."

ते असं का म्हणाले, हे मला पुढं समजलं. तात्यांचंही वय तेव्हा तिशीच्या पुढं गेलेलं. पहाटे तीनला थळात शिरायचं, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि पुढच्या साली हेच. त्यांना मोठेपणा दिसायचा तो टिकण्यात. मास्तरांना शिकवण्यात. कुस्ती सोडल्यावर आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले आणि पोरं घडवायला लागले. १९७० आणि १९७१ असा दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले दादू चौगुले त्याच तालमीतले. मास्तरांना आंदळकरांच्या सोन्यापेक्षा याचं जास्त कौतुक. "स्वतः पाडणं सोपं हो, पाडणारा तयार करणं अवघड," असं ते म्हणायचे. ज्याला त्याला पैलवानात आपलाच धंदा दिसत होता, एवढं मात्र खरं.

हे सगळं पारावरचं. पण हा वाद एक दिवस आमच्या घरात आला आणि त्याला पैसे लागले.

माझा थोरला चुलतभाऊ, आप्पा, तेव्हा सतरा वर्षांचा. अंगानं उभा-आडवा, मान बैलासारखी. आसपासच्या हगाम्यांत त्यानं बरेच नारळ आणि दोनदा फेटा मिळवला होता. मास्तर तात्यांना म्हणाले, "पोरगं कोल्हापूरला तालमीत घाला. इथं राहून ते नारळाच्या पुढं जायचं नाही." तात्या त्या रात्री जेवले नाहीत. तालमीत राहायला जागा मिळते, माती मिळते, वस्ताद मिळतो. खुराक आपला आपल्याला बघावा लागतो. रोजचं दोन-तीन लिटर दूध, तूप, बदाम, थंडाई. आमच्या घरात चहाला शेळीचं दूध, तेही पाहुणा आला तर.

१९७१ च्या दिवाळीला तात्यांनी मुकादमाकडून दरवर्षीपेक्षा जास्त उचल घेतली. उसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या साली काकू अंगात ताप असताना कोयत्यावर गेली, कारण जोडी मोडली तर उचल फिटत नाही. आणि आप्पा कोल्हापूरला गेला.

त्याची पत्रं यायची, पोस्टकार्डावर, चार ओळींची. पहाटे चारला उठतो. हजार जोर, दोन हजार बैठका. माती उकरतो. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. एकदा त्यानं खासबाग मैदान पाहिलं आणि कार्डाच्या समासापर्यंत लिहिलं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले असता वाटेत रोमचं जुनं गोल मैदान पाहून आले आणि त्या धर्तीवर १९१२ मध्ये हे मैदान उभं राहिलं, हे त्याला तिथं कुणीतरी सांगितलं होतं. 'कुठंबी बसा, हौदा दिसतो,' असं त्यानं लिहिलं होतं. आंदळकरांना त्यानं दोनदा पाहिलं. काय बोलले, असं मास्तरांनी उलट टपाली विचारलं. 'बोलत नाहीत, बघतात,' असं उत्तर आलं.

पुढचं वर्ष १९७२. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पाऊस नाही. बाजरी उगवलीच नाही. जनावरं दावणीला मेली, नाहीतर मिळेल त्या भावाला गेली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची, संध्याकाळी लाल मिलोची भाकरी. त्यात खुराकाचे पैसे कुठून पाठवणार? तात्यांनी कार्ड लिहिलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि मला लिही म्हणाले नाहीत. आप्पालाच कळलं. एका संध्याकाळी तो वळकटी घेऊन एसटीतून उतरला आणि दुसऱ्या दिवशी खडीवर आला. त्याची पाटी इतरांच्या दीडपट भरायची.

मास्तर त्याला भेटायला कामावर आले. म्हणाले, "वर्षभर थांबला असतास तर..." पुढचं त्यांनाच बोलवेना. तात्या खडीचा ढीग सारखा करत म्हणाले, "मास्तर, आंदळकरांची तालीम चांगली हाये. आपली सोय नव्हती." मान्यांचा माणूस हे बोलला. त्या दिवसानंतर पारावरचा वाद चालू राहिला, पण त्यातली धार गेली.

आप्पा नंतर कोयत्यावर जात राहिला. उचल फिटायला तीन हंगाम गेले. मधल्या काळात हगाम्यात उतरायचा. मोठ्या नावाचा पैलवान आला की त्याच्याशी बरोबरीत सुटेपर्यंत झुंजायचा. आपलं अंग खुराकाशिवाय किती वेळ टिकतं याचा त्याला अंदाज आला होता, म्हणून तो लवकर निकालाला जायचा. पहिल्या पाच मिनिटांत पट लागला तर ठीक. हे सगळं त्याला कोल्हापूरच्या थोड्या महिन्यांनी दिलेलं.

मग त्यानं मळ्यात, विहिरीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये हौदा खणला. लाल माती बाहेरून आणली. पावसाळ्यात टोळ्या घरी असल्या की पंधरा-वीस पोरं यायची, दिवाळीला पांगायची. दरसाल पुन्हा अ-आ-इ-ई पासून सुरुवात. कोणी हिंदकेसरी झाला नाही. एक जण पोलिसात लागला, दोघं सैन्यात. बाकीचे आपापल्या कोयत्यावर. तात्या शेडच्या दारात खाट टाकून बसायचे. पोरांनी दम टाकला की म्हणायचे, "तेहतीस वर्साचा गडी विलायतेला चांदी घेतो, अन् तू सोळा वर्साचा खाली बसतोस व्हय रं?"

मारुती माने २०१० च्या जुलैमध्ये गेले. तात्या तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना कुणी सांगितलं नाही. आंदळकर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गेले. मास्तर त्यांच्या आधीच गेले होते.

आता मला विचाराल तर माझं मत मी सांगतो, कारण दोन्ही वकील आता उरले नाहीत. नुसती कुस्ती मोजायची झाली तर आंदळकरांचं ग्रीको-रोमनमधलं सोनं मला सगळ्यात अवघड वाटतं. सवयीचे डाव दाराबाहेर ठेवून जिंकणं हे कसबाचं टोक आहे. आयुष्य मोजायचं झालं तर मान्यांची एडिंबरोची चांदी. आठ वर्षं अंग राखणं, पोटाला आणि मनाला चाप लावणं, नव्या पोरांसमोर उतरण्याची लाज न वाटणं, याला कसब म्हणत नाहीत, पण ते त्याहून दुर्मिळ आहे. २००५ मध्ये मान्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तो जन्मभराच्या कामगिरीसाठी दिला जायचा. तो त्यांना शोभला. आणि तालमीचा हिशेब धरला, तर पारडं पुन्हा आंदळकरांकडं झुकतं. तराजूत कोणतं माप टाकायचं हे आधी ठरवा, मग पैलवान तोला.

आप्पा आता सत्तरीत आहे. शेडमध्ये पोरं आता मोबाईल घेऊन येतात. त्यातली दोन-चार गादीवरही सराव करायला तालुक्याला जातात. मागच्या पावसाळ्यात एकानं विचारलं, "आप्पा, माने मोठे का आंदळकर?"

आप्पा फावड्यानं माती खालीवर करत होता. म्हणाला, "जकार्त्यात दोघांची मिळून पदकं चार. दोन सोन्याची, दोन चांदीची. हिशोब झाला. आता लंगोट लाव आन् शंभर जोर मार."