एका जहाजाच्या बदल्यात गेलेला मुलूख

मुंबईहून सुरतेला जाताना वापी स्टेशन लागतं. तिथे उतरून पूर्वेकडे निघालात, की थोड्याच वेळात गुजरात संपतो आणि दादरा येतं. दादरा संपलं, की पुन्हा गुजरात. त्यानंतर नगर हवेली! त्यातही गंमत अशी, की नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं एक गाव आहे आणि ते आहे गुजरातचं. आता काढा बघू याचा नकाशा!

हा सगळा घोळ झाला एका जहाजापायी. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहानुसार पोर्तुगीजांना नगर हवेलीचा महसूल तोडून दिला. दादरा त्यांनी पुढे १७८५ मध्ये विकत घेतलं.

१९५४ च्या ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केलं. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरेही होते, बरं का! मग सात वर्षं इथल्या वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. १९६१ मध्ये भारतात सामील व्हायची वेळ आली, तेव्हा करारावर सही कोण करणार? म्हणून के. जी. बदलानी हे सरकारी अधिकारी एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान झाले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली! २०२० पासून दादरा-नगर हवेली हा दमण आणि दीवसह एका केंद्रशासित प्रदेशातला जिल्हा आहे.

क्षेत्रफळ किती? अवघं ४९१ चौरस किलोमीटर. पण भाषा मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. बाजारात गुजराती आणि हिंदी, महाराष्ट्राच्या सीमेकडे मराठी. वारली, कोकणा, धोडिया यांच्या आपापल्या बोली. कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या भाषा वेगळ्याच. शाळासुद्धा गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या.

आता जरा विचार करा. वारली घरातली एक छोटी मुलगी पहिल्यांदा शाळेत जाते. घरी आई वारलीत बोलते, फळ्यावर मात्र दुसरीच भाषा. पाणी मागायचं, तरी नवा शब्द शिकायचा! तुम्हाला इंग्रजीच्या तासाला धडकी भरते ना? तिचा प्रत्येक तास तसाच असतो. शिवाय तिची माणसंही आता गर्दीत हरवू लागली आहेत. १९९१ मध्ये इथे शंभरातले सुमारे ७९ लोक आदिवासी होते, २०११ मध्ये उरले ५२. कारखान्यांनी रोजगार आणला, हे खरंच. पण घरातली बोली मुलांच्या तोंडून गेली, तर ती परत कोण आणणार?

तरी अजून सुगीनंतर तारपा घुमतो. दुधीभोपळा आणि बांबूचं हे वाद्य वाजवणारा मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफून सारे त्याच्याभोवती नाचतात. वारली चित्रांत तुम्ही पाहता ना, तेच हे रिंगण!

तेव्हा वापीला कधी उतरलात, तर दमणगंगा बघा, सिल्वाशातलं आदिवासी संग्रहालय बघा. तिथे कुणी तुमच्या वयाचं भेटलं, तर त्याच्या बोलीतला एक तरी शब्द विचारून घ्या. शिकवताना त्याचा चेहरा कसा खुलतो, ते नक्की बघा!