मूल अडते कुठे

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर ते त्याच वर्गात राहते. आम्हा शिक्षकांत या बदलाचे स्वागत करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे रोज पाहणाऱ्याला काहीतरी कठोर करावेसे वाटणारच. तरीही माझे म्हणणे असे, की वाचन शिकवण्याच्या कामात नापासाचा शेरा फार उशिरा येतो आणि फार थोडे सांगतो. पन्नासपैकी १२ गुण पाहून मूल मागे पडले एवढे कळते. ते कुठे अडले हे कळत नाही, आणि शिकवायला घ्यायचे तर आधी तेच कळावे लागते.

मराठी वाचताना अडण्याच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. काही मुले अक्षरे ओळखतात, पण सुटी सुटी; ‘क, म, ळ’ म्हणतात आणि ‘कमळ’पर्यंत पोचत नाहीत. काही जण बिनकान्यामात्रेचे शब्द सहज वाचतात आणि पहिली वेलांटी आली की थांबतात. त्याला कारण आहे. ‘कि’मध्ये वेलांटी क-च्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो; डोळ्याला जे आधी भेटले ते जिभेला मागे ठेवावे लागते. रफाराचे याच्या उलट: ‘सूर्य’मध्ये र आधी ऐकू येतो आणि त्याची खूण बसते पुढच्या य-च्या डोक्यावर. हाच र ‘चक्र’मध्ये अक्षराच्या पायाशी तिरकी रेघ होतो, ‘वाऱ्या’मध्ये आणखी वेगळा दिसतो. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. मोठ्यांना सरावाने यातले काही जाणवतही नाही, पण मुलाला ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे शिकावी लागते. रफारावर अडलेल्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवायला लावली तर त्याचे वर्ष फुकट जाते. अक्षरे जोडता न येणाऱ्याला पाचवीचा धडा दहादा वाचायला लावणे ही तर शिक्षाच. नापास करणे या दोघांना एकाच वर्गात बसवते आणि तेच पुस्तक पुन्हा हातात देते.

भीती नसेल तर मुले अभ्यास करत नाहीत, असे म्हटले जाते. हे तपासायला ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण उपयोगी पडते; ते मुलाला घरी भेटून, एकेकट्याकडून वाचून घेते. पुढच्या वर्गाची हमी देणारा शिक्षण हक्क कायदा लागू होण्याआधी, २००९ साली, ग्रामीण भारतात पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नव्हती. २०२४ मध्ये वाचू शकणारी ४८.८ टक्के होती. म्हणजे कायद्याची ती हमी नव्हती तेव्हाही दुखणे जवळजवळ एवढेच होते. दुसरा आक्षेप पटसंख्येचा: भरलेल्या वर्गात प्रत्येकाची पातळी पाहून शिकवणे एका शिक्षकाला जमणार कसे? तो मला जास्त वजनदार वाटतो. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्या तरुणी, ‘बालसखी’, मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीपासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वांत मागच्या मुलांची प्रगती सर्वांत ठळक दिसली. मूळ वर्गातच बसलेल्या बाकीच्या मुलांचा पट तेवढा वेळ कमी झाला होता, तरी त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे फळ पातळी ओळखून शिकवण्याचे होते. बालसखी ही जादा व्यक्ती होती, हे खरेच. म्हणून सरकारकडे मागायची तर अशी माणसे मागावीत. असे पातळीनुसार गट पाडल्याने मुलावर शिक्का बसतो ही शंकाही रास्त आहे, आणि गट दर महिन्याला बदलत राहिले तरच तिला उत्तर मिळते.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. चाळीस मुलांचा वर्ग असला आणि प्रत्येकाला तीन मिनिटे दिली, तर दोन तास लागतात. रोज अर्धा तास काढला तर चार दिवस. पाचवीच्या वर्गशिक्षकांना माझी विनंती आहे: जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, आणि वहीत गुणांऐवजी ते ज्या अक्षरावर थांबले ते अक्षर लिहा.